पडणं ओळखणारं यंत्र घेताना: गावाकडच्या घरासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीत माझं मोबाइल विक्री-दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत एक फोन वारंवार येतो. पुण्याहून, कधी बंगळुरातून. "भाऊ, बाबा घरी एकटेच असतात. पडले की आपोआप फोन लावणारं घड्याळ असतं म्हणे, पाठवता का?" पाठवायला हरकत नाही. पण त्याआधी मी उलटे आठ-दहा प्रश्न विचारतो आणि समोरचा वैतागतो. म्हणून ते प्रश्न नि त्यांची उत्तरं एकदाची लिहून काढली. यातलं थोडं दुकानात शिकलो, बरंचसं माझ्या आईच्या पडण्यातून.

घरात माणसं असतात. मग यंत्राची गरज कुणाला?

ज्या घरी चोवीस तास कुणी ना कुणी हाकेच्या अंतरावर असतं त्यांना नाही. गिऱ्हाईक गेलं तरी मी हे सांगतो. पण गावाचा दिवस कसा जातो ते बघा. कापूस वेचणीच्या दिवसांत सकाळी आठ-नवाला सगळं घर वावरात जातं आणि दिवस कलल्यावर परततं. गल्लीत उरतात म्हातारी माणसं आणि कुत्री. बाराला न्हाणीत पडलेली बाई पाचपर्यंत तिथंच.

हाड मोडणं हा एक भाग, पडून राहणं हा दुसरा. कडक जमिनीवर एकाच कुशीवर तासाभराहून जास्त वेळ गेला की अंगाखालचे स्नायू दबून खराब व्हायला लागतात, त्याचा भार मूत्रपिंडांवर येतो, अंगातलं पाणी आटतं. मे महिन्यात टिनाच्या छपराखाली हे सगळं आणखी लवकर होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात, आणि त्यातली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात.

आणि घर भरलेलं असलं तरी रात्र असते. उन्हाळ्यात आपल्याकडे कूलर रात्रभर घरघरतो. माझी आई पहाटे तीनला सांदवाडीतल्या, म्हणजे घरामागच्या अंगणातल्या, संडासाकडे निघाली आणि कूलरखाली सांडलेल्या पाण्यावरून तिचा पाय सटकला. मी आणि बायको पंधरा फुटांवर झोपलो होतो. साडेपाचला बायको सडा टाकायला उठली तेव्हा ती दिसली. "आवाज देऊन रायली होती मी," एवढंच म्हणाली.

यंत्र पडणं ओळखतं तरी कसं?

आत अ‍ॅक्सिलरोमीटर नावाचा कणभर संवेदक असतो. हालचालीचा वेग किती झटक्यात बदलला ते तो मोजतो. बहुतेकदा सोबत जायरोस्कोपही असतो, तो अंग कुठल्या बाजूला वळलं ते सांगतो. माणूस पडतो तेव्हा क्षणभर आधाराशिवाय खाली येतो, मग जोराचा धक्का बसतो, उभं अंग आडवं होतं, आणि नंतर हालचाल थांबते. हे सगळं या क्रमानं घडलं की यंत्र समजतं, पडलं. मग ते थरथरतं, वाजतं, "ठीक आहात का?" असं विचारतं. ठरलेल्या वेळेत कुणी बटण दाबून "ठीक आहे" असं कळवलं नाही, तर फोन लावतं.

अ‍ॅपलच्या घड्याळात ही सोय २०१८च्या सिरीज ४पासून आली. त्यात माणूस पडून साधारण मिनिटभर हलला नाही तर घड्याळ स्वतःहून आपत्कालीन नंबर लावतं आणि घरच्यांना निरोप पाठवतं. सॅमसंग आणि गूगल पिक्सेलच्या घड्याळांतही ही सोय नंतर आली. एक बारीक गोष्ट: अ‍ॅपलमध्ये वय ५५ किंवा जास्त भरलेलं असलं तरच ती आपोआप चालू होते. मुलानं स्वतःच्या जन्मतारखेनं घड्याळ सुरू करून बापाच्या मनगटावर चढवलं, तर ती बंदच राहते. माझ्याकडे आलेल्या दोन घड्याळांत हेच निघालं.

म्हणजे प्रत्येक वेळी पडलं की कळणारच?

नाही. आणि "शंभर टक्के" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका.

यातली बरीच यंत्रं तयार होताना तरण्याबांड पोरांना गादीवर पाडून तपासलेली असतात. आपली म्हातारी माणसं तशी धाडकन पडत नाहीत. भोवळ येते, भिंतीला धरत धरत खाली बसतात आणि तिथंच कलंडतात. बाजेच्या कडेवरून घसरतात. यात मोठा धक्का नसतो, त्यामुळे यंत्राला पत्ताच लागत नाही. म्हणून आपोआप ओळखण्याच्या जोडीला हातानं दाबायचं मोठं एसओएस, म्हणजे मदत मागायचं, बटण हवंच. बटण नसेल तर ते यंत्र माझ्या मते घेण्याजोगं नाही.

उलटही होतं. मनगटावर घड्याळ घालून सरपण फोडलं, दगडावर धुणं आपटलं, भजनात जोरात टाळ वाजवला, बाजेवर धपकन बसलं, खड्ड्यांच्या रस्त्यानं मोटरसायकलवर मागे बसलं, की एखाद्या वेळी खोटा इशारा जातो. आठवड्यात एकदा झालं तर चालतं. रोज व्हायला लागलं की फोन घेणारा माणूस कंटाळतो आणि खऱ्या दिवशीही उचलत नाही. कंबरेजवळ लावलेलं यंत्र साधारणपणे मनगटापेक्षा बरं ओळखतं, कारण हात दिवसभर नुसते हलत असतात.

कोणकोणते प्रकार मिळतात आणि गावात कोणता चालतो?

मोठ्या कंपनीचं स्मार्टवॉच पडणं ओळखण्यात चांगलं, पण त्याला तसाच फोन लागतो: अ‍ॅपलच्या घड्याळाला आयफोन, बाकीच्यांना अँड्रॉइड. घड्याळात स्वतःचं सिम नसेल तर फोन जवळ पाहिजे. फोन देवघराजवळ चार्जिंगला आणि बाबा कोठ्यात गुरांपाशी, म्हणजे घड्याळ नुसतं वेळ दाखवणार. ई-सिमवालं, म्हणजे सिम आतच असलेलं, घेतलं तर ही अडचण जाते, पण ई-सिमची सोय सगळ्या कंपन्या घड्याळाला देत नाहीत. तुमच्या गावात जिचा टॉवर आहे ती देते का, ते आधी विचारा.

लॉकेट किंवा कंबरेला अडकवायचं सिमवालं यंत्र मला गावासाठी जास्त पटतं. त्यात एक सिम, एक मोठं बटण, एक लहान स्पीकर. फोन लागत नाही. बटण दाबलं की तीन-चार नंबर एकामागून एक लागतात आणि समोरच्याशी बोलताही येतं. बायका ते पोतीसोबत पदराखाली घालतात, दिसत नाही. पुरुष करदोड्याला अडकवतात. आमच्याकडे एक काकाजी बंडीच्या खिशात ठेवतात, बंडी खुंटीला टांगतात आणि स्वतः वावरात जातात. तसं करू नका.

भिंतीवर लावायचे रडार संवेदक असतात. अंगावर काही घालावं लागत नाही आणि फोटोही काढत नाहीत. पण बहुतेकांना वायफाय आणि अखंड वीज लागते, आणि ते त्या एका खोलीपुरतेच असतात. डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की चार-चार दिवस अंधार असणाऱ्या गावात ते मी कुणाला देत नाही.

राहिलं ते स्वस्त घड्याळ, ज्याच्या खोक्यावर "फॉल डिटेक्शन" छापलेलं असतं. मी पहिलं आईसाठी तसलंच घेतलं होतं, स्वतःच्या दुकानातून. मोबाइलमध्ये एक खटका होता, तो चालू केला. मग स्वतः गादीवर दहा वेळा आपटलो. एकदाही वाजलं नाही. माल आला तिकडे परत पाठवला.

नेटवर्क पुरेसं आहे की नाही, ते कसं तपासायचं?

इथं सगळ्यात जास्त पैसे बुडतात, म्हणून नीट वाचा.

बाजारात येणारी बरीच स्वस्त जीपीएस-एसओएस यंत्रं अजून २जीवर चालतात. जिओचं २जी नाहीच, फक्त ४जी आणि ५जी आहे. म्हणजे तसल्या यंत्रात जिओचं सिम घालून काही होत नाही. एअरटेल आणि व्हीआयचं (व्होडाफोन-आयडियाचं) २जी चालू आहे, पण ते तुमच्या गावात पोचतं का हा वेगळा प्रश्न. नवीन घेताना "४जी, व्हीओएलटीई" (४जीवरूनच बोलणं होण्याची सोय) हे दोन शब्द खोक्यावर आणि बिलावर दोन्हीकडे पाहा. नुसतं "४जी" लिहिलेलं कधी फक्त डेटापुरतं असतं, बोलणं २जीवरूनच जातं.

मग घर तपासा. अंगणात उभं राहून दोन दांड्या दिसल्या म्हणून भागत नाही. माणूस पडतो न्हाणीत, संडासात, कोठ्यात, आणि तेही जमिनीवर. त्या प्रत्येक जागी खाली बसा, फोन जमिनीला टेकवा आणि कॉल लावून बघा. मातीच्या दीड हाती भिंती आणि वर टिन, यात सिग्नल चांगलाच दबतो. तपासताना तीन कंपन्यांची सिमं घेऊन जा. ज्याचं न्हाणीतून लागलं तेच यंत्रात टाका, मग घरच्यांचं कुठलंही असो.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे किंवा गडचिरोलीत भामरागड-एटापल्लीकडे अशी बरीच गावं आहेत जिथं कॉल लागायला टेकडीवर जावं लागतं. तिथं या यंत्रावर पैसे घालू नका. खाली वायरलेस बेलचा प्रश्न आहे, तो वाचा.

अमेरिकेतल्या भावानं तिकडचं लॉकेट पाठवलंय. चालेल?

बहुतेक नाही. तिकडची लॉकेटं महिन्याची वर्गणी घेणाऱ्या तिकडच्याच मदत केंद्राला जोडलेली असतात. ते केंद्र आपल्या गावात कुणाला पाठवणार? शिवाय तिकडचे नेटवर्क बँड वेगळे असतात. ते परत घे म्हणावं, त्यापेक्षा इथल्या यंत्राचा वर्षाचा रिचार्ज भर.

रिचार्जचं काय?

त्या सिमवरून रोज कुणी बोलत नाही, त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षातून जातं. ९० दिवस काहीच वापर नसेल तर सिम बंद होऊ शकतं. दूरसंचार नियामक ट्रायनं डिसेंबर २०२४मध्ये कंपन्यांना फक्त बोलणं-एसएमएसचे, डेटा नसलेले प्लॅन द्यायला लावले आणि अशा व्हाउचरची मुदत ३६५ दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. लॉकेटाला तेच बरं. फक्त तुमच्या यंत्राला ठिकाण पाठवायला डेटा लागतो का ते आधी पाहा, लागत असेल तर थोडा डेटा हवाच. सिम मुलाच्या नावावर असलं तर संपल्याचा निरोप मुलाला कळेल अशी सोय करा. लॉकेटातल्या सिमवर आलेला एसएमएस कोण वाचणार?

चार्जिंग किती वेळा?

अ‍ॅपलच्या नेहमीच्या घड्याळाची बॅटरी कंपनीच्याच म्हणण्यानुसार मॉडेलप्रमाणे १८ ते २४ तास, म्हणजे रोज. सिमवाली लॉकेटं दोन-चार दिवस चालतात, नेटवर्क कमजोर असलं की लवकर उतरतात, कारण यंत्र सतत टॉवर शोधत राहतं.

आईचं दुसरं यंत्र चांगलं होतं, घड्याळच होतं. ती रोज सकाळी आंघोळीला जाताना ते काढून चार्जिंगला लावायची. पावसाळ्यात ती दुसऱ्यांदा पडली ती न्हाणीत, आणि घड्याळ आतल्या खोलीत हिरवा दिवा लावून बसलं होतं. चूक तिची नव्हती, मीच शिकवलं होतं की आंघोळीला काढत जा. आता नियम उलटा आहे. आंघोळीला अंगावर, आणि चार्जिंग संध्याकाळच्या मालिकेच्या वेळी, जेव्हा सगळे ओसरीत असतात. पाण्यासाठी निदान आयपी६७ लिहिलेलं घ्या. म्हणजे मीटरभर साध्या पाण्यात अर्धा तास टिकतं. पण गरम पाणी आणि साबणानं रबर लवकर जातं, तर वर्ष-दीड वर्षानं भरवसा कमी धरा.

आपल्या उन्हाळ्यात टिकतं का?

अ‍ॅपलचं घड्याळ ० ते ३५ अंशांत वापरायचं, असं कंपनीच सांगते. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी ४५ असतं. म्हणजे लगेच बंद पडेल असं नाही, पण तापलं की चार्जिंग थांबतं आणि बॅटरी वर्षागणिक लवकर म्हातारी होते. टिनाखालच्या खिडकीत चार्जिंगला ठेवू नका. माठाच्या तिवईजवळ, सावलीत ठेवा, फक्त पाणी उडणार नाही इतपत दूर.

इशारा कुणाकडे गेला पाहिजे?

आलेल्या प्रत्येक मुलाला वाटतं, पहिला नंबर माझा. का? तुम्ही पुण्यात, सहाशेहून जास्त किलोमीटरवर. तुम्हाला कळून तुम्ही काय करणार? घाबरून शेजाऱ्यालाच फोन लावणार. तर मग शेजाऱ्याचाच नंबर पहिला टाका.

माझा क्रम असा असतो. पहिला, पाच मिनिटांत चालत येऊ शकणारा माणूस, शक्यतो दिवसा घरी असणारा. गावात तो बहुधा किराणा दुकानदार असतो, पिठाच्या चक्कीवाला असतो, नाहीतर शेजारची काकू. दुसरा, ज्याच्याकडे चारचाकी आहे आणि रात्री उठायची तयारी आहे. तिसरा, मुलगा किंवा मुलगी. आशाताईचा नंबर लोक विचार न करता टाकतात. आधी त्यांना विचारा. त्यांच्यामागे आधीच भरपूर कामं असतात.

ज्यांचे नंबर टाकले त्यांच्याशी समोर बसून बोला. चहा घेऊन, दहा मिनिटं. घराची एक किल्ली त्यांच्याकडे द्या, कारण आतून कडी असलेल्या दारासमोर उभं राहून कुणाचा काही उपयोग नाही. आतली कडी बाहेरून निघेल अशी करून घ्या, सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. आणि लॉकेटाचा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये ठसठशीत नावानं साठवा. आमच्या शेजारी तो "आजी पडली" या नावानं साठवलाय. नुसता दहा आकडी अनोळखी नंबर दिसला तर लोक कर्जवाला समजून कापतात. रात्री मोबाइल मुका ठेवणाऱ्यांच्या फोनमध्ये तेवढ्या एका नंबराला वाजायची मुभा देता येते. दुकानात आणा, दोन मिनिटांत करून देतो.

पहिल्या माणसाला फोन गेला आणि त्यानं उचलला नाही तर यंत्र पुढच्याकडे जातं का, हेही पाहून घ्या. काही यंत्रं कॉल फॉरवर्ड किंवा "सध्या व्यस्त आहे" ही पट्टी लागली तरी उचलला असं समजून थांबतात.

११२ किंवा १०८ला थेट लागेल असं करू का?

अ‍ॅपलचं घड्याळ आपत्कालीन वेळी ११२ लावतं. लॉकेटात मात्र मी ११२ किंवा १०८ पहिल्या क्रमांकावर टाकत नाही. खोटे इशारे तिकडे जाणं बरं नाही, आणि मूर्च्छित माणूस पत्ता सांगू शकत नाही. शेजारी पोचला की त्यानं १०८ लावायचं आणि गाव, फाटा, ओळखीची खूण सांगायची. जीपीएसचा बिंदू टिनाखाली कधी दोन घरं पलीकडे दाखवतो आणि गावात घर नंबर कुणाला ठाऊक असतो? "हनुमान मंदिराच्या मागे, निळं फाटक" हे जास्त कामाचं.

साध्या कीपॅड फोनबद्दल एक गोष्ट फार लोकांना ठाऊक नाही. २०१७पासून भारतात विकल्या जाणाऱ्या फोनमध्ये पॅनिक बटणाची सोय असावी असा नियम आहे. कीपॅडवर ५ किंवा ९ दाबून धरायचं. तुमच्या हँडसेटवर ते चालतं का, हे दुकानदाराला सेटिंगमध्ये दाखवायला सांगा.

१४५६७ ही ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन आहे. माहिती, सल्ला, छळाची तक्रार यासाठी ती चांगली आहे. पडलेल्या माणसासाठी नव्हे.

बाबा घालायलाच तयार नाहीत.

ही तक्रार दहातल्या सात घरांत. एक आजोबा दुकानात माझ्या तोंडावर म्हणाले, "मले का गायीसारखी घंटी बांधून रायले?" त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. मुलगा न विचारता घेऊन आला होता आणि दुकानात सगळ्यांसमोर "हे पडतात ना," असं सांगत होता.

"तुम्ही पडाल म्हणून" असं म्हणू नका. "वावरात एकटे असता, साप चावला, चक्कर आली, तर मला कळेल" असं म्हटलं की ऐकतात. लॉकेट पुरुषांना नको असतं, घड्याळ चालतं. बायकांचं नेमकं उलट असतं. मराठीत मोठ्या आवाजात वेळ सांगणारं यंत्र असेल तर तेवढ्यासाठीच आवडतं. आणि पहिला महिना ठिकाण बघत बसून "आज पारावर इतका वेळ काय करत होतात?" असं विचारू नका. त्याच दिवशी ते उतरवून ठेवतात आणि मग परत घालत नाहीत.

विसरण्याचा आजार असेल तर बटणावर भरवसा नको. तिथं आपोआप ओळखणारं, सहज न निघणारं आणि गावाबाहेर गेल्यास कळवणारं यंत्र बघा.

कॅमेरा लावला तर?

ओसरीत ठीक. माणूस पडतो न्हाणीत, तिथं तो लावणार आहात का?

यंत्र परवडत नाही. दुसरं काही?

आहे, आणि कधी कधी तेच जास्त बरं. दारावरची वायरलेस बेल काही शे रुपयांत मिळते. बटण आजीच्या कमरेला किंवा गळ्यात, वाजणारा डबा शेजारच्या घरात. सिम नाही, रिचार्ज नाही, नेटवर्क नाही. खोक्यावर शंभर मीटर लिहिलेलं असतं, ते मोकळ्या मैदानाचं. मातीच्या दोन भिंती आड आल्या की वीस-तीस मीटरही पुष्कळ. शेजाऱ्याच्या घरात तीन-चार ठिकाणी डबा लावून बघा. वीज गेली की बंद पडतो, म्हणून सेलवर चालणारा डबा मागा. हे यंत्र पडणं ओळखत नाही, शुद्ध असेल तरच कामाचं. पण बहुतेक पडणाऱ्यांना शुद्ध असते, फक्त उठता येत नाही.

त्याच पैशांत घर थोडं सुधारा. न्हाणीत भिंतीला लोखंडी दांडा आणि खाली खरबरीत फरशी. संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा एक लहान बल्ब. कूलरची वायर भिंतीकडून, आणि खाली पाणी धरायला परात. सांदवाडीच्या दारातला उंच उंबरठा तासून घ्या किंवा त्याला पांढरा रंग मारा. ताजं सारवण ओलं असेपर्यंत आजीनं तिकडे जायचं नाही.

आणि डॉक्टरांना एकदा गोळ्यांची पिशवी दाखवा. रक्तदाबाच्या गोळीनं झटकन उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, साखरेच्या गोळीवर उपाशी राहिलं की भोवळ येते. मोतीबिंदू राहून गेला असेल तर तो आधी काढा. याला एकही बटण लागत नाही.

सरकारी योजनेतून मिळतं का?

मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४मध्ये सुरू झाली. ६५ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २ लाखांच्या आत असलेल्यांना एकरकमी ३,००० रुपये बँक खात्यात येतात. हे चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तूंसाठी असतात. कमोड खुर्ची घ्या असं मी सांगतो. रात्री सांदवाडीत जाणंच टळतं.

पडून हाड मोडलंच तर ७० किंवा जास्त वयाच्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. हे ऑक्टोबर २०२४पासून. कार्ड आधीच काढून ठेवा. अपघाताच्या दिवशी आधारसाठी लागणारे बोटांचे ठसे नेमके जुळत नाहीत.

किंमत किती धरायची?

लॉकेटाला चार आकडी, मोठ्या कंपनीच्या घड्याळाला पाच आकडी, आणि आयफोन नसेल तर त्याचे वेगळे. शिवाय वर्षाचा रिचार्ज. अ‍ॅपची वर्षाची वर्गणी लागते का ते पहिल्याच दिवशी विचारा. दुरुस्ती कुठं होते तेही विचारा. "कुरिअरनं दिल्लीला पाठवा" असं उत्तर आलं तर तीन आठवडे आई यंत्राविना राहणार, एवढं गृहीत धरा.

घेतल्यावर काय तपासायचं?

परत करायची मुदत संपायच्या आत. घरातल्या धडधाकट पोरानं ते घालून गादीवर पडून बघावं, आजीला पाडू नका. मोठ्या कंपनीची घड्याळं अशा नाटकी पडण्याला कधी कधी फसत नाहीत, म्हणून लगेच खराब समजू नका. एसओएस बटण मात्र प्रत्येक वेळी चाललंच पाहिजे. आणि बटण आजीनं स्वतःच्या बोटांनी दाबून बघायचं. संधिवाताच्या बोटांना काही बटणं दबतच नाहीत.

नंतर आठवड्यातून एकदा. आमच्याकडे आर्वीच्या बाजाराच्या दिवशी करतो, लक्षात राहतं.

इशारा आला, मी पोचलो. आता?

घाईनं काखेत हात घालून उचलू नका. आधी बोला. कुठं दुखतं, पाय हलतो का? एक पाय आखूड दिसत असेल आणि पंजा बाहेर वळला असेल तर खुब्याचं हाड मोडलं असावं. तसं असेल तर हलवू नका, १०८ लावा. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर वरून काही दिसलं नाही तरी दवाखान्यात न्या.

आपल्याकडे सर्रास करतात ते म्हणजे मोटरसायकलवर दोघांच्या मध्ये आजीला बसवून नेणं. नको. गाडी येईपर्यंत जागेवर ठेवा. नेणं भागच असेल तर बाजेवर आडवं घालून चौघांनी उचला. हाडवैद्याकडे मालीश नको. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी असं डॉक्टर सांगतात. म्हणजे तालुक्याला एक्स-रे आणि तिथून सेवाग्राम, अमरावती नाहीतर नागपूर, हा प्रवास त्याच दिवशी उरकला पाहिजे. कोणत्या दवाखान्यात न्यायचं ते आधीच ठरवून लॉकेटाच्या खोक्यावर लिहून ठेवा.

तुमच्या आईकडे सध्या काय आहे?

सिमवालं लॉकेट, एअरटेलचं, कारण न्हाणीतून तेच लागतं. आणि सोबत बेल, जिचा डबा शेजारच्या काकूंच्या चुलीमागच्या कोनाड्यात आहे. वर्षभरात ती दोनदा वाजली. एकदा नातवानं खेळता खेळता दाबली. दुसऱ्यांदा आई कोठ्याच्या दारात गुडघ्यावर बसली होती, उठता येत नव्हतं. लॉकेटाला पडल्याचं कळलंच नाही, तिनं बेल दाबली. काकू पिठाच्या हातानं आल्या, आणि आईच्या लुगड्यावर पाठीमागे त्यांच्या पाचही बोटांचा पांढरा ठसा संध्याकाळपर्यंत होता.